कागद सुटला, हिशेब सुटला नाही

मिरजेत माझा एक भाचा डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांची वार्षिकं, दिवाळीच्या तोंडावर एखादा अंक, असा त्याचा वर्षाचा फेरा. गेल्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी तो घरी आला. चहा होईपर्यंत गप्प बसला. मग म्हणाला, “मामू, एक विचारायचं होतं. रोख घेऊ का वाटा?”

मला वाटलं, जागेचा काही व्यवहार असेल. तसं नव्हतं. इंटरनेटवरून त्याची एका अमेरिकन लेखकाशी ओळख झाली होती. त्या लेखकाच्या साठ पानांच्या इंग्रजी पुस्तकाची मांडणी यानं करून द्यायची होती. पुस्तक छापलं जाणारच नव्हतं. त्याची पीडीएफ, म्हणजे संगणकावर नाही तर मोबाइलवर वाचायची प्रत, एका वेबसाइटवर दहा डॉलरला विकायची होती. मोबदल्याचे दोन पर्याय होते. काम संपलं की एकरकमी दोनशे डॉलर, किंवा लेखकाच्या हाती जे पैसे येतील त्यात कायमचा दहा टक्के वाटा.

“पुस्तक कसलं आहे?” मी विचारलं.

“खेळाचं.”

“म्हणजे क्रिकेटचं?”

“नाही मामू. बसून बोलायचा खेळ असतो तो.”

मी कविता लिहिणारा माणूस. बीएपर्यंत शिकलो, तेही मराठी घेऊन. हिशेबाशी माझा संबंध किराणामालाच्या यादीपुरता. पण हा प्रश्न मला सोडेना, कारण तो माझाही जुना प्रश्न होता. १९९८ साली मी पहिला संग्रह पदरच्या पैशानं काढला. पाचशे प्रती छापल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक वर्षानुवर्षं दिवाणाखाली पडून होत्या. एक दुकानदार चाळीस टक्के कापून घेई, तेही प्रत विकली गेली तर. किती विकल्या ते विचारायला गेलो की तो आग्रहानं चहा पाजी. चहा चांगला असे, पण आकडा कधी कळला नाही. तेव्हा मला वाटायचं, सगळा दोष कागदाचा आहे. कागद नसता, गठ्ठे नसते, तर लिहिणारा सुखी झाला असता. भाच्याच्या निमित्तानं या खेळाच्या पुस्तकांचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा कळलं की हाच प्रयोग तिकडे एका धंद्यानं पंचवीसेक वर्षांपूर्वी सुरू केला होता.

आधी खेळ समजून घेऊ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथा सांगतो : तुम्ही रानात आहात, समोर पडका किल्ला आहे, दार आतून बंद आहे. बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं. कुणी तलवारबाज, कुणी जादूगार, कुणी चोर. आपलं पात्र आता काय करील ते प्रत्येकानं सांगायचं. ते जमलं की फसलं, हे फासे टाकून ठरतं. त्यात वीस बाजूंचाही एक फासा असतो. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या, आणि शेवटी कुणी जिंकत नाही. लहानपणी सुटीच्या दुपारी ‘तू राजा, मी शिपाई’ म्हणत आपण खेळलो, तेच हे, फक्त नियमांसह. मग यात विकायचं काय? नियमांचं पुस्तक आणि कथानकांची पुस्तकं. म्हणजे नाव खेळाचं असलं तरी धंदा पुस्तकांचाच.

या प्रकारातला पहिला प्रसिद्ध झालेला खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. गायगॅक्स आधी विमा कंपनीत होता, ती नोकरी गेल्यावर घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवत होता. मित्रांनी पैसे घातले, टीएसआर नावाची कंपनी काढली, हजार प्रती छापल्या आणि हातानंच खोक्यांत भरल्या. किंमत दहा डॉलर. हजार प्रती संपायला वर्षभराच्या आसपास काळ लागला. कवितासंग्रह काढणाऱ्याला हे चित्र परकं वाटणार नाही.

पुढे खेळ जगभर गेला. पण या धंद्यात मुळातच एक अडचण होती. पाच जण खेळतात, आणि पुस्तक बहुधा एकच जण विकत घेतो, तो म्हणजे कथा सांगणारा. त्यालाही एकदा नियमांचं पुस्तक मिळालं की पुढची दहा वर्षं दुसरं काही घ्यायची गरज नसते. म्हणून कंपनी नवनवी पुस्तकं काढत राहिली. नवी जगं, नवे राक्षस, नवी कथानकं. ठरावीक गिऱ्हाईक अनेक मालिकांत वाटलं गेलं आणि प्रत्येक पुस्तकाचा खप घटत गेला. त्यात विक्रीची रीत अशी, की मोठ्या वितरकाकडे माल पोचला की आगाऊ पैसे मिळायचे, आणि न खपलेला माल परत आला की तेच पैसे कंपनीच्या नावावर देणं म्हणून चढायचे. १९९०च्या दशकाच्या मध्याला परतीच्या पुस्तकांचे ढीग लागले. कंपनीवर तीन कोटी डॉलरच्या आसपास कर्ज झालं. छापखान्याचे पैसे थकले, म्हणून छपाई थांबली. १९९७ साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या कंपनीनं टीएसआर विकत घेतली. १९९९ साली विझार्ड्सला हॅस्ब्रो या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीनं घेतलं. माझ्या दिवाणाखालचे गठ्ठे आणि लेक जिनीव्हाच्या गोदामातले ढीग जवळपास एकाच काळातले. माप तेवढं वेगळं.

आता कलाटणी येते. २००० साली विझार्ड्सनं खेळाची तिसरी आवृत्ती काढली आणि त्याबरोबर एक मुक्त परवाना जाहीर केला. या परवान्याखाली आमचे मूळ नियम कुणीही वापरावेत, त्यावर आपली पुस्तकं लिहून विकावीत, आम्हाला एक पैसाही देऊ नये. कंपनीतला रायन डॅन्सी हा या कल्पनेचा पुरस्कर्ता. यात परोपकार नव्हता, हिशेब होता. छोट्या कथानकांच्या पुस्तकांत मोठ्या कंपनीला फारसं सुटत नाही. ती दुसऱ्यांनी काढावीत. ती जितकी जास्त निघतील तितके लोक खेळात टिकतील आणि नियमांचं मूळ पुस्तक आपल्याकडूनच घेतील.

नियम मोकळे झाले आणि नेमकी तेव्हाच इंटरनेटवर पीडीएफ विकण्याची सोय झाली. २००१ साली आरपीजीनाऊ नावाचं दुकान उघडलं. त्यात फक्त या खेळांच्या पीडीएफ होत्या. त्याच वर्षी माँटी कुक या लेखकानं ‘द बुक ऑफ एल्ड्रिच माइट’ हे जादूमंत्रांचं पुस्तक आधी पीडीएफ म्हणून काढलं आणि नंतर ते कागदावर आलं. कुक हा तिसऱ्या आवृत्तीच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक होता. तोवर पीडीएफ म्हणजे हौशी मंडळींचा उद्योग, असा समज होता. नाव असलेला माणूस त्यात उतरला आणि चालला, तेव्हा इतरांना धीर आला.

दोनच वर्षांत कागद आणि पीडीएफ यांतला फरक उघडा पडला. मुक्त परवान्याखाली शेकडो पुस्तकं छापून निघाली होती. २००३च्या जुलैत विझार्ड्सनं सुधारित नियम आणले आणि दुकानांतली जुनी पुस्तकं एकदम शिळी झाली. दुकानदारांकडे ढीग राहिले, कित्येक लहान प्रकाशक बुडाले. पीडीएफवाल्यांचाही खप घटला असेल, पण त्यांच्याकडे ढीग नव्हता. न खपलेली पीडीएफ जागा खात नाही, तिला वाळवी लागत नाही, गोदामाचं भाडं पडत नाही. माझा समज इथवर खराच ठरला होता.

मग चोरीची भीती आली. पीडीएफची नक्कल करायला क्षणही लागत नाही. २००४ साली ड्राइव्हथ्रूआरपीजी हे दुसरं दुकान निघालं. त्यानं सुरुवातीला पुस्तकांना डिजिटल कुलूप घातलं. पैसे देऊन घेतलेलं पुस्तक दुसऱ्या संगणकावर उघडताना अडचणी यायच्या. वाचक वैतागले. चोरलेली प्रत सहज उघडायची, विकत घेतलेली अडायची. थोड्याच काळात दुकानानं कुलूप काढलं आणि प्रतीच्या पानांवर घेणाऱ्याचं नाव फिकट अक्षरांत घालायला सुरुवात केली. कुलपाऐवजी लाजेवर भिस्त. २००६ साली ही दोन्ही दुकानं एक झाली.

या भीतीचा खरा निकाल २००९ साली लागला. त्या एप्रिलमध्ये नव्या पुस्तकाच्या चोरट्या प्रती इंटरनेटवर फिरताहेत म्हणून विझार्ड्सनं आठ जणांवर खटले भरले आणि आपल्या सगळ्या पीडीएफची विक्री एका झटक्यात बंद केली. त्याच ऑगस्टमध्ये पायझो या कंपनीनं ‘पाथफाइंडर’ हा खेळ आणला. तो विझार्ड्सच्याच मुक्त परवान्यावर उभा होता. पायझो पूर्वी विझार्ड्सची दोन मासिकं चालवायची. ती २००७ साली काढून घेतल्यावर तिला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागलं होतं. ‘पाथफाइंडर’चं मूळ पुस्तक ५७६ पानांचं, कागदावर ४९ डॉलर ९९ सेंट, आणि पीडीएफ ९ डॉलर ९९ सेंट. एकानं दार बंद केलं, दुसऱ्यानं एक पंचमांश किमतीला उघडलं. २०११च्या सुमारास अमेरिकेतल्या दुकानदारांना विचारून केलेल्या अंदाजांत ‘पाथफाइंडर’ पहिल्या क्रमांकावर गेला. हे केवळ स्वस्त पीडीएफमुळे घडलं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल, कारण विझार्ड्सची तेव्हाची चौथी आवृत्ती पुष्कळ जुन्या खेळाडूंना आवडली नव्हती. पण स्वस्त पीडीएफमुळे जाड पुस्तकाचा खप बसतो, ही भीती फोल ठरली. २०१३च्या जानेवारीत विझार्ड्सनं जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ पुन्हा विकायला काढल्या. चोरटे काही त्या चार वर्षांत थांबले नव्हते. थांबलं होतं ते फक्त प्रामाणिक गिऱ्हाईक.

इथवर वाचून मी भाच्याला फोन केला. म्हटलं, “वाटा घे. कागद नाही, गोदाम नाही, पुस्तक कायम विकत राहणार.”

तो म्हणाला, “मामू, दुकानाचा कट किती ते बघितलं का?”

बघितला नव्हता. ड्राइव्हथ्रूआरपीजीवर विकणाऱ्याला किमतीच्या ६५ टक्के मिळतात. पीडीएफ दुसरीकडे कुठेही विकणार नाही असं कबूल केलं तर ७० टक्के. भाच्याचा लेखक ६५ टक्केवाला होता. दहा डॉलरमागे त्याला साडेसहा डॉलर, त्यात भाच्याचे पासष्ट सेंट. दोनशे डॉलर व्हायला ३०८ प्रती खपायला हव्यात. मी कागद घेऊन भागाकार केला आणि तीनशे आठ या आकड्याकडे बघत राहिलो. माझ्या संग्रहाच्या तेवढ्या प्रती कधी खपल्या नाहीत.

याच दुकानात विक्रीच्या टप्प्यांना धातूंची नावं आहेत. पन्नासच्या वर प्रती गेल्या की पुस्तकाला तांब्याचा शिक्का, शंभरच्या वर गेल्या की चांदीचा. वर सोनं, प्लॅटिनम आणि कथांमधले काल्पनिक धातूही आहेत. पण पहिला शिक्का पन्नासाला आहे, हेच बोलकं आहे. जगभरासाठी उघडं असलेलं दुकान, इंग्रजीसारखी भाषा, आणि पन्नास प्रती हा मिरवण्याचा टप्पा! असं का? कागद होता तेव्हा प्रत्येक पुस्तकामागे कुणाला तरी आधी पैसे गुंतवावे लागत, म्हणून पुस्तकं बेतानं निघत. तो अडसर गेला आणि पुस्तकांचा पूर आला. जुनं पुस्तक संपत नाही, नवं येतच राहतं, आणि दुकानाची दर्शनी फळी तेवढीच. छापण्याचा खर्च गेला, पण लिहिण्याचा, चित्रांचा, संपादनाचा, मांडणीचा खर्च तिथंच राहिला. शिवाय वाचकाच्या नजरेस पडण्याचा खर्च वाढला. पूर्वी न खपलेल्या प्रती दिवाणाखाली दिसायच्या. आता तोटा दिसत नाही, कारण तो माणसांच्या रात्रींत गेलेला असतो.

मग या धंद्यात टिकलं कोण? ज्यांनी वाचक आधी गोळा केला, ते. ग्रेग स्टोल्झी या लेखकानं इंटरनेटवरच्या वर्गणीची लाट येण्याआधीच एक युक्ती केली होती. छोटा खेळ लिहायचा आणि जाहीर करायचं की ठरलेली रक्कम जमली की तो सगळ्यांसाठी फुकट खुला करीन. पुढे किकस्टार्टर या वेबसाइटनं अशा आगाऊ वर्गणीचा राजरस्ता केला. २०१३च्या जानेवारीअखेर एव्हिल हॅट या लहान प्रकाशनाच्या ‘फेट कोअर’ या खेळाला १०,१०३ जणांनी मिळून ४,३३,३६५ डॉलर दिले. मागितले होते फक्त तीन हजार. त्यानंतर त्यांनी पीडीएफ ‘परवडेल ते द्या’ या बोलीवर ठेवली. शून्य दिलं तरी चालेल. हे त्यांना परवडलं, कारण कष्टाचे पैसे आधीच आले होते. आपल्याकडे मोठे ग्रंथ आणि कोश प्रकाशनपूर्व नोंदणीवर निघत आले आहेत. कल्पना तीच. फरक इतकाच की हे वर्गणीदार देशोदेशी पसरलेले होते.

मात्र ज्याचं दार, त्याचा दर, हे इथंही सुटलं नाही. २०१६च्या जानेवारीत विझार्ड्सनं ड्राइव्हथ्रूच्या मालकांबरोबर एक वेगळं दुकान काढलं. तिथं त्यांच्या प्रसिद्ध जगांवर कुणीही लिहावं आणि विकावं. लेखकाला निम्मे, उरलेले निम्मे दुकान आणि विझार्ड्स यांत. आणि ते लेखन दुसरीकडे विकायचं नाही. गिऱ्हाईक आयतं मिळतं, म्हणून पुष्कळांनी हे मान्य केलं. ‘इच डॉट आयओ’ या दुसऱ्या दुकानात उलट रीत आहे. दुकानाला किती द्यायचं ते विकणाराच ठरवतो.

सगळ्यात मोठा झटका २०२३च्या जानेवारीत बसला. आदल्याच वर्षी हॅस्ब्रोनं ‘डी अँड डी बियाँड’ ही वेबसाइट १४ कोटी ६३ लाख डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं होतं. तिथं घेतलेली पुस्तकं त्या वेबसाइटवरच वाचायची असतात. मग मुक्त परवान्याच्या नव्या मसुद्याची प्रत फुटली. त्यात जुना परवाना रद्द ठरवण्याची भाषा होती, आणि साडेसात लाख डॉलरपुढच्या उत्पन्नावर २५ टक्के मागितले होते. नफ्यावर नव्हे, उत्पन्नावर. छपाई, चित्रं, टपाल वजा जाता ज्याच्या हाती दहा-पंधरा टक्के उरतात, त्यानं पंचवीस कुठून द्यायचे? तेवीस वर्षं ज्या भरवशावर लोकांनी घरं चालवली, तो भरवसा एका कागदात हलला. खेळाडू चिडले, अनेकांनी त्या वेबसाइटची वर्गणी बंद केली. २७ जानेवारीला कंपनीनं माघार घेतली आणि मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या परवान्याखाली कायमचे मोकळे केले. तो परवाना आता त्यांनाही मागे घेता येत नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये पुन्हा एक गोष्ट घडली. नवी आवृत्ती येताना लोकांच्या पात्रांच्या नोंदींतले जुने मंत्र बदलून नवे घालू, असं त्याच वेबसाइटनं जाहीर केलं. ओरड झाली आणि तेही मागे घेतलं. दिवाणाखालचं माझं पुस्तक कुणी विकत घेतलं नाही हे खरं, पण त्यातली ओळ परस्पर कुणी बदलली नाही, हेही खरं.

एवढं सगळं झाल्यावर मी भाच्याला म्हटलं, “रोख घे. पुस्तक चाललं तर लेखकाचं भाग्य. तुझ्या रात्री तुझ्या आहेत.” त्यानं दोनशे डॉलर घेतले, आणि पुस्तकात आपलं नाव घालायला सांगितलं. नऊ महिन्यांत ११२ प्रती गेल्या. चांदीचा शिक्का मिळाला. लेखक फार आनंदात आहे. भाच्याला वाट्याचे मिळाले असते सुमारे त्र्याहत्तर डॉलर. मला मात्र त्या एकशे बारा माणसांचं कौतुक वाटतं. न पाहिलेल्या माणसाच्या साठ पानांसाठी त्यांनी दहा डॉलर मोजले, फुकटात मिळवता आलं असतं तरी.

परवा भाचा म्हणाला, “मामू, तुमच्या पहिल्या संग्रहाची पीडीएफ करून टाकू या. नव्यानं अक्षरजुळणी करतो.”

मला बरं वाटलं. पण तो जरा थांबला, हसला आणि म्हणाला, “रोख देणार का वाटा?”

मी उठलो, कपाटातून पाकीट काढलं आणि अर्धे पैसे आधीच दिले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)